अँगलचा ‘पहिला वर्ग’ म्हणजे ‘सगळं ठीक’ नव्हे

शाळेतल्या मुलांच्या दातांच्या ठेवणीवर लिहिलेला कुठलाही प्रबंध उघडा, त्यात एक तक्ता हमखास सापडतो. डावीकडे तीन ओळी: पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग. उजवीकडे टक्के. आणि खाली निष्कर्ष, की बहुसंख्य मुलांत पहिला वर्ग आढळला. वाचणाऱ्याचा समज होतो, चला, बहुतेकांचं ठीक आहे म्हणजे.

हा समज त्या तक्त्यातून निघत नाही. का निघत नाही, ते या लेखात बघू. त्यासाठी एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याचं १८९९ सालचं वर्गीकरण तपासायला घेतलंय. सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी दंतमहाविद्यालयांत पहिल्यांदा तेच शिकवतात आणि सिनॉप्सिसमध्येही तेच येतं. तुम्ही दंतवैद्यकाचे नसलात तरी वाचा. तयार मोजपट्टी हाताशी आहे म्हणून उचलायची आणि ती कशासाठी बनली होती हे विचारायचंच नाही, हा प्रकार सगळ्याच विषयांत चालतो.

आधी शब्द समजून घेऊ

तोंड मिटून दाढा आवळल्या की वरचे आणि खालचे दात एकमेकांत जसे बसतात, त्याला ऑक्लूजन म्हणतात. साधारणपणे वरची ओळ खालच्या ओळीला बाहेरून थोडी झाकते, डब्याचं झाकण डब्यावर बसतं तशी. हे बसणं बिघडलं की मॅलऑक्लूजन. आपण घरात म्हणतो ‘दात पुढे आलेत’, ‘दातावर दात आलाय’, ‘खालचा जबडा पुढे आहे’. ही सगळी त्याचीच रूपं.

अँगलच्या आधी या बिघाडांना नावं होती, पण शिस्त नव्हती. एक दात आत, एक बाहेर, एक फिरलेला, असं ज्याचं त्याचं वर्णन चालायचं. ‘डेंटल कॉसमॉस’ या नियतकालिकात अँगलनं एक सोपी खूण सुचवली. सहाव्या वर्षाच्या सुमाराला येणारी पहिली कायमची दाढ बघायची. वरच्या दाढेचा गालाकडचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या गालाकडच्या खाचेत बसला, तर दाढांचं नातं योग्य. नातं योग्य असूनही बाकीचे दात बिघडलेले असतील तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा वर्ग, पुढे गेली तर तिसरा. दुसऱ्या वर्गात पुन्हा दोन विभाग: वरचे पुढचे दात बाहेर झुकलेले असले तर पहिला, आत कललेले असले तर दुसरा. एकाच बाजूला बिघाड असेल तर उपविभाग.

या कामाचं मोल कमी लेखायचं कारण नाही. उपकरण लागत नाही, क्ष-किरण लागत नाही, गाल बाजूला केला की काही सेकंदांत उत्तर मिळतं. मुंबईतल्या डॉक्टरनं ‘दुसरा वर्ग, पहिला विभाग’ म्हटलं की नागपूरच्या डॉक्टरच्या डोळ्यांसमोर साधारण तेच तोंड येतं. ओळख पटवणारी भाषा म्हणून हे वर्गीकरण अजून टिकून आहे, आणि टिकावंच. माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. ओळख पटवायच्या भाषेनं आपण मोजणी करायला लागलो.

पहिली अडचण: एकाच कप्प्यात दोन माणसं

अँगलनं आपल्या पुस्तकात मॅलऑक्लूजनच्या रुग्णांची दर हजारी वाटणी दिली आहे. पहिल्या वर्गात ६९२. दुसऱ्या वर्गात, सगळे विभाग-उपविभाग मिळून, २६६. तिसऱ्यात ४२.

हे आकडे दोनदा वाचा. हजारातले ६९२ म्हणजे जवळजवळ ७० टक्के. आणि हे हजार जण शाळेतली सरसकट मुलं नव्हती, सगळेच्या सगळे मॅलऑक्लूजन असलेले होते. म्हणजे खुद्द अँगलच्या हिशेबात पहिला वर्ग हा बिघाडाचाच वर्ग होता, आणि सगळ्यांत मोठा होता. दाढा जागेवर आणि बाकी दात बिघडलेले, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या पाहण्यांत काय होतं? दाढांचं नातं बरोबर दिसलं की ‘पहिला वर्ग’ लिहून पुढचं मूल. ज्याचे सगळे दात सरळ आहेत तेही त्यात, आणि ज्याचा सुळा हिरडीत उंच अडकलाय तेही त्यातच. काही प्रबंधांत निर्दोष ऑक्लूजनचा रकाना वेगळा असतो. तसा असेल तर उत्तम, पण तो नसलेले प्रबंधही पुष्कळ आहेत.

एक काल्पनिक हिशेब करू. दोन शाळा, प्रत्येकी १०० मुलं. दोन्हीकडे ७० मुलं पहिल्या वर्गात. पहिल्या शाळेत या ७० पैकी ५५ जणांचे दात छान आहेत, १२ जणांना थोडी दाटी आहे, तिघांना गंभीर त्रास. दुसऱ्या शाळेत २५ जणांचे छान, ३० जणांना दाटी, १५ जणांना गंभीर त्रास. दुसऱ्या शाळेत आधी डॉक्टर पाठवायला हवा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण दोन्ही शाळांचा तक्ता सारखाच येतो: पहिला वर्ग, ७० टक्के. जो तक्ता एवढा मोठा फरक गिळतो, त्याच्यावर ‘उपचारांची गरज’ असा निष्कर्ष काढायचा नसतो.

दुसरी अडचण: दाढ जागची हलते

अँगलला वरची पहिली दाढ फार भरवशाची वाटायची. सगळे दात हिच्या संदर्भानं मोजावेत, हिला त्यानं ऑक्लूजनची किल्लीच म्हटलं. पण दाढ म्हणजे काही गावच्या शिवेवरचा दगड नाही.

दुधाची दाढ किडली, दुखायला लागली, की आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘दुधाचीच आहे, पडणारच आहे, काढून टाका.’ ती वेळेआधी काढली आणि जागा राखली नाही, तर मागची कायमची दाढ पुढे सरकते. आता त्या मुलाचा जबडा मुळात कसा आहे याचा आणि दाढांच्या नात्याचा संबंध तुटला. वरची दाढ सरकली तर तो दुसऱ्या वर्गासारखा दिसेल, खालची सरकली तर तिसऱ्याकडे झुकलेला दिसेल. तक्त्यात मात्र जबड्याचा दोष आणि किडीचा परिणाम एकाच ओळीत जाऊन बसतात. ज्या वस्तीत दात जास्त किडतात तिथे दाढांचं नातं आपोआप जास्त बिघडलेलं दिसणार. तुम्ही लिहाल ‘या भागात दुसऱ्या वर्गाचं प्रमाण जास्त’, आणि खरं तर मोजली असेल कीड.

वयाचं तर आणखी अवघड आहे. दुधाच्या दोन दाढा आणि सुळा मिळून जेवढी जागा अडवतात, त्यापेक्षा त्यांच्या जागी येणारे कायमचे दात कमी जागा घेतात. नॅन्सनं १९४७ मध्ये हा फरक मांडला: खालच्या जबड्यात दर बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर, वरच्या जबड्यात ०.९. दुधाच्या दाढा पडल्यावर ही उरलेली जागा खाऊन कायमच्या दाढा पुढे सरकतात, आणि खालची जास्त सरकते. त्यामुळे आठव्या वर्षी टोकाला टोक लागलेल्या दाढा बाराव्या वर्षापर्यंत बऱ्याच मुलांत आपापल्या खाचेत नीट बसतात. म्हणजे आठ वर्षांच्या मुलांची पाहणी केली आणि टोकाला टोक दिसलं की दुसरा वर्ग लिहिला, तर वाढीचा एक टप्पा तुम्ही रोग म्हणून नोंदवला. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्यांत मॅलऑक्लूजनचं प्रमाण कुठे २० टक्क्यांच्या आसपास, तर कुठे ४० च्या वर आलेलं दिसतं. दोन आकड्यांत एवढी तफावत दिसली की आहार, वंश, प्रदेश यांच्यामागे धावण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: मुलांचं वय काय होतं, आणि ‘बिघाड’ कशाला म्हटलं होतं.

तिसरी अडचण: तोंडाला तीन बाजू, वर्गाला एकच

हे वर्गीकरण फक्त पुढे-मागे बघतं. वरचा जबडा अरुंद असल्यामुळे एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात, हा क्रॉसबाइट. दात आवळले तरी पुढच्या दातांत फट राहते, हा ओपन बाइट. खालचे दात वरच्यांच्या मागे झाकून जातात, हा डीप बाइट. यांतला एकही अँगलच्या वर्गात उमटत नाही. ॲकरमन आणि प्रॉफिट यांनी १९६९ मध्ये पाच गुणधर्म एकत्र बघणारी पद्धत मांडली ती यावरच उपाय म्हणून. ती अचूक आहे, पण किचकटही आहे. म्हणून शिकवतात सगळीकडे आणि वापरतात थोडे.

त्यातच दाढ नेमकी किती सरकली म्हणजे वर्ग बदलला, हाही प्रश्न आहे. सरकणं मिलिमीटरनं होतं आणि आपण त्याचे तीन कप्पे करतो. कड्यावरच्या मुलाला एक तपासनीस पहिल्यात टाकतो, दुसरा दुसऱ्यात. म्हणून दोन तपासनिसांचं किती जुळतं हे सांगावं लागतं, आणि इथे विद्यार्थी हमखास नुसते टक्के लिहून मोकळे होतात. ‘आमचं ८० टक्के जुळलं.’ ऐकायला छान. पण समजा दोघांनीही १०० पैकी ८० मुलं पहिल्या वर्गात आणि २० बाहेर टाकली आहेत. मग डोळे मिटून वाटणी केली असती तरी ०.८ गुणिले ०.८ अधिक ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ०.६८ इतकं, ६८ टक्के, आपोआप जुळलं असतं. योगायोगाच्या वर तुम्ही कमावलेले फक्त १२, आणि कमावता येण्याजोगे होते ३२. १२ भागिले ३२ म्हणजे ०.३७५. हाच कप्पा. ८० टक्क्यांचा रुबाब पार उतरतो. व्हायवाला परीक्षकानं हे विचारण्याआधी तुम्हीच स्वतःला विचारा.

चौथी अडचण: आदर्श कुणाचा?

अँगलकडे एक कवटी होती, सगळे दात शाबूत आणि जागच्या जागी. तिला तो ‘ओल्ड ग्लोरी’ म्हणायचा. ऑक्लूजन असावं तर असं, हा त्याचा नमुना. चेहऱ्यासाठी त्याच्यासमोर अपोलो बेल्व्हेडेअरचा पुतळा होता. सुंदर चेहऱ्याचा एखादा नियम मिळेल म्हणून त्यानं एडमंड वुर्पेल या चित्रकाराला गाठलं. वुर्पेलचं उत्तर असं, की सगळ्या माणसांना लागू पडेल असा एक नियम नसतो. प्रत्येक चेहऱ्याचा तोल त्याचा त्याचा असतो.

हे वाचताना मला आमचं जूचंद्र आठवतं. नायगावच्या पूर्वेचं हे गाव रांगोळीकारांचं म्हणून ओळखलं जातं. इथली व्यक्तिचित्रं बघायला लोक लांबून येतात. चिमटीतून रंग सोडत चेहरा उभा करणारा कलाकार समोरच्या फोटोतले दात सरळ करून टाकत नाही. पुढे आलेला दात पुढेच ठेवतो, कारण तो काढला तर चेहरा त्या माणसाचा राहत नाही. वुर्पेल वेगळं काही सांगत नव्हता. अँगलनं चेहऱ्याबद्दल त्याचं म्हणणं बऱ्यापैकी मानलं, पण दातांबद्दल हट्ट सोडला नाही. सगळे दात जागेवर असले की तो तो चेहरा आपोआप तोलात येतो, अशी त्यानं सांगड घातली. चेहरे अनेक, पण ऑक्लूजनचा आदर्श एकच.

पुढच्या संशोधनानं या आदर्शाला वेगवेगळ्या बाजूंनी हात घातला. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेगनं तिथल्या आदिवासींच्या दातांवरून दाखवलं, की भरड खाण्यानं दात झिजतात तेव्हा वरचे आणि खालचे पुढचे दात टोकाला टोक येऊन भिडतात. झाकण-डब्याची ठेवण ही मऊ खाणाऱ्यांची, हा त्याचा मुद्दा. तो सगळ्यांना पटला असं नाही, पण ‘नैसर्गिक म्हणजे काय’ हा प्रश्न त्यानं उघडा केला. १९७२ मध्ये अँड्र्यूजनं उपचार न झालेल्या उत्तम ठेवणीचे १२० साचे मोजून सहा कसोट्या काढल्या. कवटी एक होती, साचे १२०, हे पाऊल पुढचं खरं. पण साचे निवडलेच मुळी उत्तम म्हणून. त्यातून उत्तम कसं असतं ते कळतं, सर्वसाधारण कसं असतं ते नाही. आदर्श, सरासरी आणि आरोग्याला पुरेसं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या प्रबंधांत तिन्हींसाठी ‘नॉर्मल’ हा एकच शब्द वापरला जातो, आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो.

प्रश्न आणि साधन यांचा मेळ कसा घालावा याचं एक चांगलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन वस्ती खणून काढली. तिथल्या मानवी अवशेषांवर जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांचा ग्रंथ १९८६ मध्ये आला. पुरलेल्यांत लहान मुलांचं प्रमाण मोठं होतं. अशा अवशेषांतून दातांचा आकार, कीड, वाढीच्या वयात इनॅमलवर उमटलेले ताण हे वाचता येतं, आणि संशोधनाचा भर अशाच प्रश्नांवर राहिला. वरची दाढ खालचीत कशी बसत होती हे मात्र दोन्ही जबडे शाबूत असल्याशिवाय सांगता येत नाही. हातातलं साहित्य ज्याचं उत्तर देऊ शकतं, तेच त्याला विचारावं.

मग वापरायचं काय?

गरज मोजायची असेल तर त्यासाठी बनलेली साधनं आहेत. १९८६ चा डेंटल एस्थेटिक इंडेक्स, म्हणजे डीएआय, दहा गोष्टी बघून एक गुण देतो. दिसणारे गळालेले दात, दाटी, फटी, ओव्हरजेट वगैरे. अँगलच्या दाढेलाही त्यात एक जागा आहे. गुण २५ पर्यंत असले तर उपचाराची गरज नाही किंवा किरकोळ. ३६ आणि वर म्हणजे गंभीर. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ च्या पाहणी-पुस्तिकेत तो घेतला म्हणून आपल्याकडे रुळला. पण त्याचे भारांक अमेरिकेतल्या लोकांना काय बरं दिसतं यावरून ठरले आहेत, आणि मागच्या दातांचा क्रॉसबाइट त्यात मोजलाच जात नाही.

दुसरं साधन ब्रुक आणि शॉ यांचं १९८९ चं, आयओटीएन. त्याचा आरोग्याचा भाग पाच श्रेणींचा आहे आणि मिलिमीटरवर चालतो. ओव्हरजेट, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते अंतर, ६ च्या वर पण ९ पर्यंत असेल तर चौथी श्रेणी. ९ च्या वर गेलं की पाचवी. हा आकडा उगाच नाही. दात पुढे असलेली मुलं पडली की ते दात तुटण्याचा धोका जास्त असतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आलंय. शिवाय आयओटीएनला दिसण्याचा वेगळा भाग आहे, दहा छायाचित्रांचा. दिसणं आणि आरोग्य त्यानं वेगळं ठेवलं, हे मला डीएआयपेक्षा उजवं वाटतं.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना क्रम असा ठेवा. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. जबड्यांचं नातं जाणून घ्यायचंय? मग अँगल चालेल, पण कायमचे दात आलेल्या वयात, दोन्ही बाजू वेगळ्या नोंदवून, दुधाच्या दाढा वेळेआधी गेल्या का हे विचारून, आणि निर्दोष ऑक्लूजनचा रकाना स्वतंत्र ठेवून. उपचार कुणाला आधी हवेत हे ठरवायचंय? मग आयओटीएनसारखं साधन. मुलांना आपल्या दातांचं काय वाटतं हे हवंय? मग दाढ बघून काही कळणार नाही, मुलांशीच बोलावं लागेल. काहीही निवडलं तरी ओव्हरजेट मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. मिलिमीटरचे वर्ग नंतर कधीही करता येतात. वर्गाचे मिलिमीटर करता येत नाहीत.

हा काथ्याकूट फक्त गुणांसाठी नाही. जूचंद्रच्या एखाद्या मुलीला स्वस्तात तार लावून घ्यायची तर नायगावहून लोकल पकडून मुंबई सेंट्रलला, महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात जावं लागतं. तारेचे उपचार एका फेरीत होत नाहीत. दीड-दोन वर्षं, दर महिन्या-दीड महिन्याला एक खेप, आणि प्रत्येक खेपेला आईचा किंवा बाबांचा बुडालेला रोज. सरकारी असो की महापालिकेची, सेवा सगळ्यांना एकदम पुरत नाही. कुणाला आधी घ्यायचं, कुठल्या भागात केंद्र उघडायचं, हे ठरवताना अधिकारी तुमच्या-माझ्यासारख्यांचे तक्ते उघडतात. एका बाजूच्या दाढा उलट्या बसतात म्हणून जबडा सरकवून चावणारी बारा वर्षांची मुलगी, दाढांचं पुढे-मागे नातं बरोबर असेल तर, अँगलच्या तक्त्यात पहिल्या वर्गात बसते. म्हणजे ७० टक्क्यांत, ‘बहुसंख्यांत’. तिच्याकडे कुणी बघणार नाही, कारण आपण तिला मोजलं आणि तरीही नोंदवलं नाही. तुमच्या पाहणीच्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी एक रकाना आहे का, एवढं छापायला देण्याआधी बघा.